विबेचा पुढे आलेला हात

आल्ट्येच्या थोरल्या लेकीला, साकेला, पहिल्यांदा दिवस गेले ते साल १८७०. लेक स्नेकला सासरी, आणि आल्ट्ये हार्लिंगनला स्वतःच्याच घरात कोंडलेली. दाराला कुलूप नव्हतं. दाराशेजारी मेलेल्या नवऱ्याची, विबेची, तसबीर होती, एक हात पुढे केलेली.

त्या दिवशीही खोलीत बायकांची दाटी झाली होती.

"बघा! डावीकडं जा, उजवीकडं जा, विबे तुमच्याकडंच बघतोय!" गोस्सेबुवा ओरडला. हा म्हणे आत्म्यांशी बोलायचा. कॉफी आणि केक मात्र त्याला जिवंतांच्या हातचा लागे. "वहिनी, विबेनं दारावर हात आडवा धरलाय. उंबरा ओलांडलात तर लेकीचं मूल जगायचं नाही."

"अहो, पण तिचे दिवस भरत आलेत."

"मग तर मुळीच नको!"

बायका चुकचुकल्या. आल्ट्येनं लेकीकडं जायला बांधलेलं गाठोडं पुन्हा सोडलं. तेवढ्यात स्योर्द चितारी आत आला. तसबीर त्याच्याच हातची. भिंत बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"अगं, ह्याला इथं कुणी टांगलं? तुझी तसबीर कुठंय?"

"माळ्यावर. बुवा म्हणाले, मेलेल्याशेजारी जित्या माणसाचं चित्र नको. ह्यांनाही त्यांनीच दाराशी आणलं."

"वा बुवा! जोडीतला नवरा उचलून दरवान केलात की!"

स्योर्दनं माळ्यावरून तसबीर आणली आणि दोन्ही जुन्या खिळ्यांवर लावल्या. डावीकडं नवरा, उजवीकडं बायको, अंगानं एकमेकांकडं वळलेली. विबेचा हात आता तिच्या पुढे केलेल्या हातासमोर आला.

"बायांनो, तुमच्या आईबापांच्या अशाच जोड्या आहेत ना घरी? विसरलात? आल्ट्ये, हा हात मी तुला धरायला काढला होता."



"आणि डोळ्यांचं काय?" बुवा गुरगुरला.

स्योर्दनं चुलीतला कोळसा घेतला आणि फळीवर गोस्सेचं तोंड काढलं, डोळे सरळ समोर. "फिरा गं आता." बायका फिरल्या. कोळशाचा गोस्सेही साऱ्यांकडं बघत राहिला.

"अगं बाई, बुवापण मेले की काय!" एकजण म्हणाली, आणि खोलीत हशा पिकला.

"विबे बसल्या बसल्या माझ्याकडं बघत होता, तसेच त्याचे डोळे मी काढले," स्योर्द म्हणाला. "सपाट फळीवर समोर बघणारे डोळे कुठूनही बघा, तुमच्याकडंच बघतात."

आल्ट्येनं गाठोडं बांधलं आणि उंबरा ओलांडला.

चित्रातला हात तो काढणाऱ्याच्या मनातून आणि आपल्या रिवाजातून बोलतो. तिसराच कुणी त्याच्या नावानं हुकूम सोडू लागला, तर आधी ते चित्र कुठून हलवलं ते विचारा.

विबे १८६८ च्या नोव्हेंबरात समुद्रात बुडून वारला. आल्ट्ये १८९१ च्या वसंतात स्नेकला वारली. तिचा हात साकेच्या त्याच बाळंतपणात जन्मलेल्या नातवाच्या हातात होता.