बुंध्याचं माप

मनकर्णाने सागाच्या खोडाभोवती छातीच्या उंचीवर टेप फिरवला आणि भावाने, चुडामणने, पलीकडून त्याचं टोक ताणून धरलं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

बुऱ्हाणपूरहून आलेल्या वसंतने आकडा मोबाइलमध्ये भरला. जसोंडीच्या या शिवारात तो दर भादव्यात झाडं मापायला यायचा. हवेतला कार्बन झाडांनी किती धरून ठेवला, ते या घेरावरून कळे. करार सोपा होता: तीस वर्षं एकही झाड पाडायचं नाही, आपोआप मेलं, तर तेवढंच तोडायचं. नवरा गेल्यावर भावाने दिलेल्या या तुकड्यात मनकर्णाने तीन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहून रोपं जगवली होती. करारावर अंगठाही तिचाच.

चैत्रात चुडामणने मुलाच्या नव्या घराच्या चौकटींसाठी सात झाडं मागितली. ती नको म्हणाली. पोटची हायेत का तुझी, असं म्हणून तो हसला. पुन्हा विषय निघाला नाही.

पुढच्या झाडापाशी मनकर्णाची गुणगुणती ओवी मध्येच थांबली. भर भादव्यात झाड वाळलेलं. सागाचं पान चोळलं की तळहात मेंदीसारखा रंगतो; आज नुसता चुरा झाला. ती खाली बसली. गवताआड बुंध्याला शेणमातीचा पट्टा लिंपला होता. नखाने खरवडला, तर आत साल कड्यासारखी गोल सोललेली; अशी सोलली की झाड उभ्या उभ्या मरतं. तिने ओळीकडे पाहिलं. तशीच वाळलेली आणखी सहा.

वाळल्या लिंपणावर बोटं उमटली होती. तीन पुरी, एक अर्धं.

कापडाच्या लूममध्ये चुडामणचं बोट तुटलं, तेव्हा तिनेच लुगडं फाडून त्याला चिंधी बांधली होती. जात्यावरच्या ओवीत भाऊ कधी खोटा नसतो.

"मावशी, हे कशानं सुकलं?" वसंतने विचारलं. "वजह लिहावी लागते."

"वाळवी लागली, साहेब," चुडामण तिच्याआधी बोलला.

मनकर्णाने टेप गुंडाळला नाही. तो तिने खोडावरून हळूहळू खाली सरकवला, पार लिंपणापर्यंत.

"भाऊ, याचं माप खालून घेऊ. इथं हात ठेव."

वसंतने मोबाइलवरून मान वर केली. चुडामणचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात गेला.

"ठेव ना," ती म्हणाली, जात्यावर बसून भावाचं नाव घ्यावं तितक्या मऊ आवाजात.