मांडीवरची बॅग

सकाळी निघताना निल्मिनी दारातच म्हणाली, "अम्मा, आज वाटेत कुणाच्या भानगडीत पडायचं नाही. नाकासमोर जायचं."

पोरगी माझीच, तेव्हा जीभ कुठून आली हे विचारायला नको. एकतीस वर्षांची झाली. तीन स्थळं मोडली आणि चौथं तिनं स्वतःच जमवलं. असेला शेतकी खात्यात आहे आणि स्वभावानं अगदी गरीब गाय. अडचण होती ती त्याच्या आईची. पद्मलताबाई वेल्लवायाच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी पंचांग बघून निरोप धाडला होता की मुलीच्या आईनं शनिवारी दहा बेचाळीसला आमचा उंबरा ओलांडावा. दहा चाळीसला नाही, पंचेचाळीसलाही नाही. "पहिल्याच दिवशी जिला वेळ पाळता येत नाही तिच्याशी सोयरीक कसली," असंही त्या म्हणाल्याचं असेलानं चोरून कळवलं होतं.

म्हणून मी बंडारवेलहून आठचीच बस धरली. अंगावर कडक खळीची पांढरी साडी, जवळ कोलिकुट्टू केळ्यांची अख्खी फणी आणि रात्रभर जागून तळलेल्या गोड कॅवुमांचा डबा. बसायला जागा मिळाली. दहाच्या आत पोचणार होते. त्या दिवशी मी खरोखर कुणाच्या अध्यात नव्हते की मध्यात नव्हते.

एल्लाला एक गोरा चढला. एवढा उंच की टपाला डोकं लागून मान वाकडी. उन्हानं भाजून कोळंबीसारखा लाल झालेला. पाठीवर त्याच्या वजनाची बॅग, तिला दोन ओले मोजे आणि एक टॉवेल वाळत घातलेला. बाबा उजवीकडे वळला की बॅग डावीकडच्यांच्या थोबाडीत.

आता आमच्याकडे बसलेल्या माणसानं उभ्या असलेल्याची बॅग मांडीवर घ्यायची, ही रीतच आहे. विचारायचं नसतं, आभारही मानायचे नसतात. मी हात पुढे करून पट्टा ओढला. त्यानं दुसरीकडून ओढला.

"अरे, दे की!"

"नो, नो!" म्हणत त्यानं बॅग छातीशी कवटाळली.

"मी काय घेऊन पळणार आहे? या वयात, या गुडघ्यांनी?"

गाडी हसली. जयंता कंडक्टर मला चाळीस वर्षं ओळखतो, त्याच्या शाळेच्या सदऱ्यापासूनचे कपडे मीच शिवलेत. तो त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "देऊन टाक बाबा. ही अम्मा खिसे शिवते, कापत नाही."

शेवटी बॅग माझ्या मांडीवर आली. वर केळी ठेवली, केळ्यांवर डबा. ओला टॉवेल साडीला लागला, पण मी तोंडातून ब्र काढला नाही. गोरा मात्र डोळ्यांत तेल घालून माझ्यावर पहारा करत उभा. नाव त्याचं वाउटर की असंच काहीतरी, गाव हॉलंडात. दोन महिने आमच्या देशात फिरत होता आणि सगळा देश साध्या गाडीनं, उभ्यानं पाहिला होता. याचा त्याला केवढा अभिमान! आमच्या म्हाताऱ्या सासूबाईही जन्मभर उभ्यानंच हिंडल्या, पण त्यांचं कुणी कौतुक केलं नाही.

धबधब्याच्या अलीकडे देवाचं ठाणं आहे. तिथं गाडी अर्धा मिनिट थांबते. जयंता उतरतो, पेटीत नाणं टाकतो, हात जोडतो आणि पळत येतो. उतारूंनी जागेवरूनच हात जोडायचे. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि तेवढ्यात गोऱ्याला वाटलं, ही गाडी धबधबा बघायला थांबली. गेला उतरून फोटो काढायला!

डोळे उघडले तर मागच्या वळणावर निळी गाडी. ती आमची वैरीण. पुढच्या थांब्यावर जी आधी पोचेल तिला उतारू. जयंता दारात लटकला, ड्रायव्हरनं गाडी सोडली.

"अरे थांबा, गोरा राहिला!" मी ओरडले.

"निळी घेईल त्याला," ड्रायव्हर म्हणाला. "तिलाही पोट आहे."

त्याचं खरं झालं. दहा मिनिटांत निळी गाडी आम्हाला मागं टाकून गेली आणि तिच्या दारात गोरा लटकलेला, माझ्याकडे बोट करून बोंबलत होता. मी बॅग उचलून दाखवली. केळी घसरली. तो पुढच्या थांब्यावर निळीतून उतरून आमच्यासाठी हात हलवत उभा राहिला. पण आमच्या ड्रायव्हरला समोर फक्त निळी गाडी दिसत होती. आम्ही गोऱ्याच्या नाकासमोरून असे गेलो की त्याची टोपी उडाली.

"मुडद्या, उभा कर गाडी!"

"अम्मा, आता थांबलो तर ती आयुष्यभर पुढेच राहील!"

वेल्लवायाला उतरले तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती. एका हातात केळी, दुसऱ्यात डबा, पाठीवर गोऱ्याची बॅग. स्टँडवरच्या वेळ नोंदणाऱ्या बाबूनं कोपरा दाखवला. "ठेवा तिथं. येईल आणि घेईल." कोपऱ्यात दोन छत्र्या आणि एप्रिलपासून पडलेला कुणाचा तरी कुकर होता.

खोटं कशाला बोलू, मी बॅग तिथं ठेवली. चार पावलं गेलेसुद्धा. मग परत फिरले. त्यानं ती त्या बाबूला दिली नव्हती, मला दिली होती, आणि तीही किती नको-नको करत. मांडीवर घेतलेली बॅग ज्याची त्याच्या हातातच द्यायची असते. मी बाकड्यावर बसले आणि बॅग पुन्हा मांडीवर घेतली.

साडेदहाला पद्मलताबाईंना फोन केला. "उशीर होईल," म्हटलं. त्या "हं" म्हणाल्या आणि ठेवून दिला. दहा बेचाळीस झाले. स्टँडवरच्या घड्याळाकडे बघताना मला निल्मिनीचा चेहरा दिसत होता, आणि मला फार वाईट वाटलं.

अकराला गोरा आला. वांग्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरवर, धुळीनं माखलेला. मला बघितलं आणि तो चार हात उंच बाप्या रडायलाच लागला. पासपोर्ट, पैसे, परतीचं तिकीट, सगळं बॅगेत होतं म्हणे.

"मग फोटो कशाला काढायला गेलास, टोणग्या?" मी झापलं, आणि हाताला लागलं ते केळं फणीतून तोडून त्याला दिलं. दिल्यावर भानावर आले, ही तर विहिणीची फणी.

त्याची मोनरागलाची गाडी लागली होती, खच्चून भरलेली. तो चढला, खिडकीशी बसलेल्या एका बाईच्या मांडीवर न विचारता बॅग टाकली आणि माझ्याकडे बघून हसला. एवढं तरी शिकला.

पद्मलताबाई ओसरीवरच्या एकुलत्या एका खुर्चीत बसल्या होत्या. खिडकीच्या पडद्याआड असेला घाम पुसत होता.

"वेळ टळली," बाई म्हणाल्या. "पुढची एक वाजून अठरा मिनिटांनी. तोवर उंबरा ओलांडायचा नाही."

मी पायरीवर उभी राहिले. त्यांनी केळ्यांकडे पाहिलं. "एक कमी आहे."

"गोऱ्यानं खाल्लं."

"कुठल्या गोऱ्यानं?"

मग सगळं सांगितलं. नाणं, धबधबा, निळी गाडी, वांगी. त्या एकदाही हसल्या नाहीत. पेपर तपासल्यासारखं ऐकत होत्या.

"स्टँडवर ठेवून का नाही आलात?"

"मांडीवर मी घेतली होती, बाई."

 माझी साडी टॉवेलानं डागाळलेली, पाय भरून आलेले, आणि डबा हातातून निसटायला लागलेला. मनात म्हटलं, संपलं. निल्मिनीला काय तोंड दाखवू?

त्या बसलेल्या होत्या, मी उभी होते. त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडे," पद्मलताबाई म्हणाल्या, आणि माझी केळी आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या, एक वाजून अठरा मिनिटं होईपर्यंत.