आंधळ्या वळणावरचा भोंगा

घाबरू नका मित्रांनो, जवळ या. आता माझ्यातून आवाज निघत नाही.

मी एक जुना पितळी भोंगा आहे. तुदा नावाच्या म्हातारीच्या घरात चुलीच्या वर एक खिळा आहे, त्याला मी टांगलेला असतो. धुराने माझा रंग पार काळवंडला आहे. माझ्या शेपटाला एक रबरी फुगा होता, त्याच्या केव्हाच चिंध्या झाल्या. फुगा नाही म्हणजे श्वास नाही. पण एके काळी तोद्राच्या घळीपासून दादेसच्या घळीपर्यंत सगळा डोंगर माझ्या आवाजावर चालत असे. तुम्हाला ही बढाई वाटेल. बढाई मारायची मला खोडच आहे, पण हे मात्र खरे आहे.

मेकनेस शहरातल्या एका पितळकाम करणाऱ्या म्हाताऱ्याने मला घडवले. मला फुगा बसवून त्याने पहिल्यांदा दाबला, तेव्हा दुकानातले मांजर उडी मारून पळाले ते दोन दिवस परतले नाही. म्हातारा खूश झाला. पुढे एका मोठ्या बसवर मी बरीच वर्षे काढली. ती बस मोडीत निघाली आणि मी भंगारवाल्याच्या ढिगात पडलो. तिथे मला बास्सूने उचलले. त्याने फुगा दाबून पाहिला. भंगारवाला कान धरून ओरडला, "अरे घेऊन जा बाबा ती बला!" बास्सू हसला आणि त्याने मला आपल्या निळ्या बसच्या खिडकीबाहेर ठोकले.

बास्सूची बस तोद्राहून निघायची, खिंड चढायची आणि पलीकडे दादेसला उतरायची. टपावर मेंढ्या, आत माणसे, माणसांच्या मांडीवर कोंबड्या. रस्ता कसला, कड्याच्या अंगाला कोरलेली एक पट्टी होती ती. एका हाताला भिंतीसारखा डोंगर आणि दुसऱ्या हाताला काहीच नाही. खिंडीच्या थोडे खाली, दादेसच्या अंगाला, एक वळण होते, त्याला सगळे आंधळे वळण म्हणत. तिथे एकच गाडी मावायची. म्हणून प्रत्येकाने वळणाआधी भोंगा वाजवायचा, आणि ज्याला आधी ऐकू येईल त्याने अलीकडच्या रुंद जागी थांबायचे. तिथे मी असा काही ओरडायचो, की खालच्या जवाच्या शेतातल्या बायका कंबर सरळ करून वर बघायच्या. "बास्सू आला गं, चहा ठेवा," असे म्हणत त्या घराकडे वळायच्या.

पलीकडून बास्सूचा धाकटा भाऊ झैद गाडी चालवायचा. तो दादेसच्या बाजूला आईजवळ राहायचा. त्याच्या गाडीलाही भोंगा होता, पण तो म्हणजे सर्दी झालेली शेळी. बास्सू त्याला पिपाणी म्हणायचा. वळणाच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती पिपाणी, अशी आमची जुगलबंदी चालायची. खाली गावात त्यांची आई, इत्तो, चुलीपाशी बसून ऐकायची आणि झैदच्या बायकोला म्हणायची, "तुदा, दोघं पुन्हा भांडायला लागले बघ. भाकरी जास्त टाक."

आमच्या डोंगरात एक रीत होती. कोणाच्या घरचे माणूस गेले, की तीन दिवस त्या गावाच्या कानावर ढोल, बासरी, भोंगा काही पडू द्यायचे नाही. गाडीवाले शिवेवर थांबायचे आणि आमच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबायचे. गाव मागे पडले की बोळा काढायचे. रीत चांगली होती. रडणाऱ्याला शांतता हवी असते, एवढे भोंग्यालाही कळते.

बास्सूचे वडील गेले तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या दिवशी झैद पीठ आणायला गेला होता. परत येताना त्याने आंधळ्या वळणावर भोंगा वाजवला. वळण शिवेच्या कितीतरी बाहेर. पण त्या दिवशी वारा पडलेला होता आणि तो आवाज घरंगळत थेट अंगणात आला. अंगणात सगळा गाव बसलेला. इत्तोचा भाऊ अस्सूमामा खाकरला आणि म्हणाला, "कुणाची वरात आली म्हणायची ही?"

बास्सूचे कान लाल झाले. झैद गाडीतून उतरला, तसा बास्सू सगळ्यांदेखत त्याच्या अंगावर धावून गेला.

"बाप मातीत गेला तरी तुझी पिपाणी बंद होईना? लाज नाही वाटत?"

"दादा, वळणावर वाजवला. शिवेच्या बाहेर."

"आवाजाला शीव असते का रे?" असे म्हणून बास्सूने त्याच्या थोबाडीत मारली.

आतून इत्तो ओरडली, "अरे, वळणावर नाही वाजवायचा तर काय माझ्या चुलीपाशी वाजवायचा?" पण तिचे कोणी ऐकले नाही. बायकांचे बोलणे त्या अंगणात तसेही कोणी ऐकत नसे. मी बसच्या खिडकीबाहेर टांगलेला, मी सगळे बघत होतो. मला झैदची फार दया आली.

पुढे बरीच वर्षे गेली. एका सकाळी बास्सू तोद्राच्या बाजूला गाडी भरून निघण्याच्या तयारीत होता. तेवढ्यात खिंडीकडून लोकरीचा एक व्यापारी आला आणि त्याने बास्सूचा दंड धरला.

"बास्सू, बस जरा."

"बसायला वेळ नाही, गाडी भरलीये."

"बस म्हणतो ना. तुझी आई गेली रे. पहाटेच्या नमाजाला. दुपारच्या नमाजानंतर उचलणार म्हणत होते."

बास्सू बसला नाही. त्याने आधी सूर्याकडे पाहिले, मग खिंडीकडे. "मला तिचं तोंड बघायचंय," एवढेच तो म्हणाला. मग त्याने आपल्या पांढऱ्या फेट्याचे टोक दातांनी फाडले आणि तिथेच, तोद्रालाच, माझ्या तोंडात कोंबले. अख्खा डोंगर अजून पुढे होता. मला ओरडून सांगावेसे वाटले, अरे बाबा, इथे नाही, शिवेवर! पण ओरडणार कशाने?

बसमध्ये त्याच्या मागेच हद्दा म्हातारी बसली होती, मांडीवर दोन कोंबड्या घेऊन. ती इत्तोची लहानपणापासूनची मैत्रीण. डोळे पुसत ती म्हणाली, "बास्सू, इथंच कशाला रे बोळा?"

"राहू द्या मावशी."

बस खिंड चढली आणि पलीकडे उतरू लागली. बास्सू रडत होता आणि गाडी जोरात हाणत होता. वळण जवळ आले, तशी हद्दा पुढे वाकली.

"आता तरी काढ. माझी शप्पथ आहे तुला. इत्तो काही उठून ओरडायची नाही."

"आईची मयत घरात पडलीये आणि तिच्या मोठ्या मुलानं वाजतगाजत यायचं? ज्याच्यासाठी मी झैदला मारलं तेच मी करू?"

"तेव्हाही तुझंच चुकलं होतं."

"मावशी, गप्प बसा."

मागून एक जण म्हणाला, "मग मी उतरून पुढं बघून येतो. पलीकडून कोणी असलं तर?"

"आज कोण येणार? बाजार नाही, काही नाही. तू बघून येईस्तोवर ते तिला उचलतील."

आता पलीकडे काय चालले होते ते सांगतो. हे मला नंतर तुदाच्या तोंडून कळले. व्यापाऱ्याने निरोप पोहोचवला आहे हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. झैदने सगळ्यांना बजावून सांगितले, "दादा आल्याशिवाय आईला हात लावायचा नाही. मी घेऊन येतो त्याला." त्याने गाडी काढली आणि फडके घेऊन भोंग्याच्या तोंडात घातले. तुदा मागे धावली. "अहो, शिवेबाहेर गेल्यावर तरी काढा. वळण आहे."

"दादाला चालत नाही," झैद म्हणाला आणि निघून गेला.

मित्रांनो, मी त्या वळणावर किती वेळा ओरडलो असेन याची मोजदाद नाही. त्या दिवशी आम्ही दोघे भोंगे, एक अलीकडून आणि एक पलीकडून, मुक्याने वळणावर आलो.

झैदची गाडी एकदम समोर उभी ठाकली. त्याने बस पाहिली, बसमधली माणसे पाहिली, काचेमागे भाऊ पाहिला. डोंगराच्या अंगाला आम्ही होतो. त्याने चाक दुसऱ्या अंगाला फिरवले. आमची बस कड्यावर घासत जाऊन थांबली. कोंबड्या ओरडत होत्या, माणसे ओरडत होती. आणि झैदची गाडी जिथे होती तिथे नुसती धूळ होती.

पुरुष मंडळी दोर धरून खाली उतरली. त्यांनी झैदला वर आणले. त्याच्याबरोबर कोणीतरी त्याचा भोंगाही आणला होता, उगाच, हाताला लागला म्हणून. त्या भोंग्याच्या तोंडात बोळा होता. बास्सूने तो बोळा पाहिला आणि तो रस्त्यातच खाली बसला. त्याला उठवायला चौघे लागले.

झैदला मागच्या बाकावर ठेवले. हद्दाने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि बस गावात गेली. दुपारच्या नमाजानंतर त्या घरातून दोन मयती उचलल्या. बास्सूला आईचे तोंड बघायला मिळाले. पुढे कधी कोणी विचारले तर तो म्हणे, "बघितलं. पण मला ते आठवत नाही."

पुढे जे घडले ते मला अपघातापेक्षाही वाईट वाटते. तीन दिवस अंगणात माणसे येत होती. चहा, खजूर, जवाची पेज शेजारच्या घरांतून येत होती. आणि प्रत्येक आलेल्या माणसाला अस्सूमामा सांगत होता, "मुलगा असावा तर असा! अहो, कड्यावर, मरण समोर असताना, आईचा मान ढळू दिला नाही. आणि धाकटाही तसाच, सोन्यासारखा." लोक माना डोलवत. आपल्या मुलांना पुढे ढकलत आणि म्हणत, "ऐकलंस का? असं वागायचं." बास्सू मान खाली घालून बसलेला. त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप पडली की तो आणखी आखडायचा. आत बायकांच्या खोलीत तुदा हे सगळे ऐकत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामाने ते पुन्हा सुरू केले, आणि तुदा बाहेर आली. डोक्यावरचा पदर सरळ केला, पुरुषांच्या मधून चालत बसपाशी आली आणि तिने माझ्या तोंडातला बोळा उपटून काढला. मग दोन्ही हातांनी तिने फुगा दाबला.

मी ओरडलो. तीन दिवसांचे तुंबलेले सगळे त्या एका आवाजात बाहेर आले. कुत्री भुंकायला लागली, हातातले चहाचे पेले सांडले.

"अगं, नवरा गेलाय तुझा! सासू गेलीये!" मामा उठून किंचाळला. "हात धरा तिचा कोणीतरी! डोकं फिरलंय."

दोन माणसे पुढे झाली. तेव्हा बास्सू उठला.

"तिला कोणी हात लावायचा नाही."

"बास्सू, तू सुद्धा? अरे, तू तर मान राखलास!"

"मामा, मी मान नाही राखला. मी माझा भाऊ मारला. त्याच्या थोबाडीत मारली तेव्हाच मारला. आता पुन्हा माझं कौतुक केलंत तर याद राखा."

तुदाने त्याच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत माफी नव्हती, खोटे कशाला सांगू. "भावोजी, हे तेव्हा बोलायचं होतं," ती म्हणाली आणि पुन्हा फुगा दाबला. माणसे एकेक करून उठून गेली. चहा तसाच राहिला.

पुढे कित्येक घरांनी त्या घराशी बोलणे टाकले. बास्सू मात्र बस चालवत राहिला, नाहीतर आजाऱ्यांना आणि बाळंतिणींना शहरात नेणार कोण? आंधळ्या वळणावर तो मला वाजवायचा, मग खाली उतरून स्वतः चालत पलीकडे बघून यायचा आणि मगच बस पुढे काढायचा. उतारू वैतागायचे. तो गेल्यावर बस विकली गेली आणि तुदाने मला घरी आणले. फुगा उन्हाने तडकलाच होता, इथे धुराने त्याची उरलीसुरली वाट लागली.

तुम्हाला वाटेल, मग ती रीत बदलली असेल. छे! आता गाड्यांना बटणाचे भोंगे आहेत. बोळा कोंबावा लागत नाही, एक तार काढली की झाले. मयत झाली की गाडीवाले तार काढतात, आणि शिवेवर परत जोडायला विसरतात. बास्सूची आणि झैदची गोष्ट अजून सांगतात, पण मामा सांगायचा तशीच.

म्हणून खोऱ्यात कोणी गेले, की तुदा सकाळीच चादर पांघरून वर जाते. तीन दिवस ती आंधळ्या वळणावर उभी असते. इंजिनाचा आवाज आला की ती पलीकडे तोंड करून ओरडते, "थांबा! गाडी येतेय! थांबा!" गाडीवाले हसतात. कोणी तिला वेडी म्हणते. पण थांबतात. संध्याकाळी ती परत येते तेव्हा तिच्याने पाणी मागवत नाही, खुणेने मागते.

गेल्या वर्षी ती मला फडक्यात गुंडाळून बाजारात घेऊन गेली होती. तिने दुकानामागून दुकाने पालथी घातली. "आजी, असले फुगे आता कोण बनवतो? भिंतीला लावा, शोभेल," असे म्हणून सगळ्यांनी तिला वाटेला लावले.

मित्रांनो, मला शोभेला लावू नका. माझे पितळ अजून ठणठणीत आहे, तोंडही मोकळे आहे. तुमच्या घरात, माळ्यावर, एखाद्या मोडक्या गाडीला असा रबरी फुगा दिसला, तर तो फेकू नका, इकडे पाठवा. खालच्या आळीत कालपासून एक म्हातारा अत्यवस्थ आहे, आणि तुदाचा आवाज आता खोलीच्या दारापर्यंतही पोहोचत नाही.