सात मिलिमीटरची जागा

उजवा ॲक्सल तुटला तो दुसऱ्यांदा, आणि दादाचा धीर सुटला तो तिसऱ्यांदा.

"बस झालं," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर तुझं इंजिन बाहेर आणि जुनं आत. सोमवारी नव्या नोकरीवर हजर व्हायचंय मला, चाळीस किलोमीटरवर. गाडी काय ढकलत नेऊ?"

धाकटी बहीण गाडीकडे वळली. घरामागच्या शेडमध्ये गाडी लोखंडी टेकूंवर, म्हणजे घोड्यांवर, चढवलेली होती, चाकं लोंबकळत होती. ते इंजिन तिनं एका भंगारात निघालेल्या मोठ्या गाडीतून आणलं होतं. पदवीची परीक्षा संपल्यापासून चार महिने तिनं दुसरं काही केलं नव्हतं. इंजिन ज्यांवर टेकतं ते लोखंडी माउंटही तिनंच आखले, कापले, जोडले. सुरुवातीपासून शेवटापर्यंत स्वतःच्या हातानं केलेली तिची ही पहिलीच गोष्ट. आता ती उचकटून कोपऱ्यात ठेवायची वेळ आली होती.

दादानं स्वतः फक्त स्प्रिंगा बदलल्या होत्या. गाडी त्यानं इतकी खाली बसवली होती की खालून जायला मुंगीनंही परवानगी मागावी.

"सरळ गोष्ट आहे," तो पान्हा पुसत म्हणाला. "एवढ्याशा गाडीला तू हत्तीचं काळीज बसवलंस. जोर जास्त, दांडा बारीक. तुटणारच."

"मग दोन्ही वेळा गतिरोधकावर कसा तुटला?"

"म्हणजे?"

"जोर जास्त म्हणून तुटायचा, तर चढावर तुटला असता. जोरात दामटताना तुटला असता. पहिल्यांदा आई आणि शेजारचे काका मागे बसले होते आणि तू चालण्याच्या वेगानं गतिरोधक ओलांडत होतास. काल तुझे मित्र होते. तेव्हाही गतिरोधक."

"योगायोग."

"दोनदा?"

दादा खांदे उडवून चहाला गेला. धाकटीनं तुटलेल्या ॲक्सलची आतली वाटी उचलली. ॲक्सल म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा दांडा. त्याचं आतलं टोक या वाटीत बसतं आणि चाक वरखाली झालं की आतबाहेर सरकतं. तिनं फडक्यानं ग्रीस पुसून काढलं आणि टॉर्च मारला. वाटीच्या कडा काळ्या होत्या, जशा असायला हव्यात. पण तळाशी, अगदी मधोमध, नाण्याएवढा एक डाग लखलखत होता.

तिथं काही टेकायलाच नको होतं.

तिनं वही उघडली. स्वतःच्याच अक्षरात लिहिलं होतं: दांड्याचं टोक ते वाटीचा तळ, उजवीकडे सात मिलिमीटर, डावीकडे पंधरा. डावीकडून ब्रेकची नळी जाते म्हणून तिनं इंजिन थोडं उजवीकडे सरकवून बसवलं होतं. पाच पुरेसे असतात, सात म्हणजे चैनच. मापं तीन-तीनदा घेतली होती. मग सात मिलिमीटर लांबून एखादी गोष्ट डाग पाडते कशी?

ती गाडीखाली सरकली आणि लोंबकळणाऱ्या चाकाकडे बघत राहिली. दांडा खाली उतरत गेला होता, भिंतीला तिरक्या लावलेल्या शिडीसारखा. तिनं चाकाखाली जॅक लावून ते हळूहळू वर उचललं. दांडा सरळ होत गेला. आणि सरळ होताना त्याला आडवी जागा जास्त लागत होती.

"आई!" ती ओरडली. "कणीक आहे का?"

आई दारात आली. "जेवायला हाक मारली तर पत्ता नाही, आणि आता कणीक हवी! कितीशी?"

"लिंबाएवढे दोन गोळे. घट्ट."

"इंजिन भुकेलंय वाटतं," मागून दादा म्हणाला.

दोन्ही वाट्यांच्या तळाशी एकेक गोळा बसवून, नवा ॲक्सल जोडून त्यांनी गाडी जमिनीवर उतरवली. मग धाकटीनं आईला मागे बसवलं आणि शेजारच्या काकांनाही बोलावून आणलं.

"मी फक्त बसायचं?" काकांनी विचारलं.

"बसायचं आणि थोडं हिंदकळायचं."

"ते मला वयानुसार जमतं," म्हणत काकांनी गाडी अशी हलवली की आईनं पुढची सीट घट्ट धरली.

गाडी पुन्हा वर चढवून वाट्या उघडल्या. डावीकडचा गोळा दाबला गेला होता, पण आठ मिलिमीटर जाड उरला होता. उजवीकडची कणीक कागदासारखी पातळ झाली होती आणि तिच्यावर दांड्याच्या टोकाची गोल खूण स्पष्ट उमटली होती.

दादानं वाकून त्या खुणेवर बोट फिरवलं. "पण तू मोजलं होतंस."

"घोड्यांवर मोजलं, चाकं लोंबत असताना." धाकटीचे कान तापले होते. "जमिनीवर असताना तुझ्या गाडीखाली हातच जात नाही. म्हणून प्रत्येक वेळी वर चढवूनच मोजलं. तीनदा तेच चुकीचं माप, अगदी अचूक. जमिनीवर चाक वर येतं आणि ते सात मिलिमीटर संपतात. गतिरोधकावर भरल्या गाडीत दांडा थेट तळावर आपटतो."

"म्हणजे चूक इंजिनाची नाही, माझ्या स्प्रिंगांची?"

"चूक माझ्या मापाची. स्प्रिंगा तशाच राहू देत."

दादाला बहुधा वाद घालायचा होता, पण समोर वाद घालायला कोणी उरलंच नव्हतं. "मग इंजिन काढायचं का नाही?"

"सरकवायचं. चार मिलिमीटर, डावीकडे. नळीला तेवढी जागा आहे, आत्ताच बघितलं."

माउंटची भोकं कानशीनं लांबट करायला संध्याकाळ गेली आणि बोल्ट आवळायला रविवारची सकाळ. या वेळी तिनं मापं कणकेनंच घेतली, माणसं बसवून. दोन्हीकडे चार, केसभर इकडेतिकडे; भरल्या गाडीत तेवढे पुरे होते.

दुपारी आई आणि काका मागे बसले, दादा स्टिअरिंगवर आणि धाकटी त्याच्या शेजारी. कोपऱ्यावरचा मोठा गतिरोधक आला तसा दादानं वेग कमी केला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. गाडीचं पोट तेवढं खरवडलं.

दादानं गाडी मागे घेतली आणि पुन्हा त्यावरून नेली. मग तिसऱ्यांदा.

"पुरे की," काका म्हणाले, "माझी कणीक होईल."

दादानं गाडी बाजूला थांबवली आणि इंजिन चालूच ठेवून विचारलं, "ते जुनं इंजिन कोणी घेईल का गं?"