पिवळी खूण

दातांच्या डॉक्टरने स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने जीपचं स्टीअरिंग बदलायला घेतलं, तेव्हा मिस्त्रींनी पहिल्याच सकाळी बायकोला सांगून टाकलं, की आता पोस्टमनने बाळंतपण करायचं तेवढं राहिलंय.

"हळू बोला," बायको म्हणाली. "जावई आहेत."

मिस्त्री हळू बोलले नाहीत. अडतीस वर्षं इंजिनांच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांना ते जमतही नसे, आणि जावयाने ऐकलं तर बरंच झालं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता खरं सांगायचं तर घर जावयाचंच होतं. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपातला चहा बशीत यायला लागला, मग पाना नटावर बसेना, मग गॅरेजला कुलूप. मुलगी एकुलती एक. तिने आईवडिलांना आपल्याकडे आणलं, तळमजल्यावरची मागची खोली दिली, आणि जन्मात कुणाचे मिंधे न झालेले मिस्त्री अवजारांची एक लोखंडी पेटी उचलून जावयाच्या घरी राहायला आले. मनातल्या मनात ते त्याला 'दातवाला' म्हणत आणि तोंडावर 'जावईबापू'. यातलं दुसरं जास्त झोंबावं अशी त्यांची इच्छा असे, पण दातवाल्याला काही झोंबत नसे. झोंबत नाही म्हणजे अक्कल नाही, असा मिस्त्रींनी निष्कर्ष काढला होता.

जीप हौसेची नव्हती. महिन्यातून एका रविवारी दातवाला डोंगरावरच्या वस्त्यांवर जाऊन तिथल्या लोकांचे दात बघे, आणि त्याच्या हाताखाली मिस्त्रींची मुलगी जाई. रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे. मागच्या खेपेला एका दगडावरून चाक घसरलं, स्टीअरिंग हातातून गरकन फिरलं, दातवाल्याचा अंगठा मुरगळला आणि जीप हातभर दरीकडे सरकली. दरीच्या बाजूच्या सीटवर मुलगी होती. घरी आल्यावर तिने आरडाओरडा केला नाही. जेवताना फक्त म्हणाली, "स्टीअरिंगचं नीट झाल्याशिवाय मी त्यात बसायची नाही. आणि नीट झालं की नाही ते बाबा सांगतील. बाबा हो म्हणाले, तर बसेन."

मिस्त्रींना त्या दिवशी दोन घास जास्त गेले. गॅरेज गेलं, हात गेला, पण त्यांच्या 'हो'ला अजून वजन होतं आणि ते वजन दातवाल्याच्या छातीवर होतं. त्यांनी लगेच मनाशी ठरवलं, की हे 'हो' सुखासुखी द्यायचं नाही.

"गॅरेजात टाका की गाडी," त्यांनी दातवाल्याला एकदा सांगून पाहिलं.

"कशात काय आहे ते कळल्याशिवाय चालवायला नको वाटतं, बाबा," दातवाला म्हणाला. "हिला बसवायचंय ना."

"मग विमानात बसताना काय करता? उतरून पंखे मोजता?"

दातवाला हसला. हसला म्हणजे विनोद कळला नाही, हेही मिस्त्रींनी नोंदवून ठेवलं.

काम घराच्या शेडमध्ये सुरू झालं. जीप चार स्टँडवर चढली, पुढची चाकं उतरली. आणि मग जे काही चाललं ते बघायला मिस्त्री रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसू लागले. दातवाला दवाखान्यातून येई, कपडे बदले आणि हातमोजे घाली. ग्रीसला हात लावायला हातमोजे. अवजारं तो एका स्टीलच्या ट्रेमध्ये लहानमोठी लावून ठेवी आणि प्रत्येक पाना वापरून झाला की पुसून परत जागेवर. एकदा तर गाडीखाली पडल्या पडल्या त्याने खिशातून रुग्णाच्या तोंडात घालायचा तो दांडीचा आरसा काढला आणि स्टीअरिंगच्या दांड्यापलीकडचा नट त्यात बघितला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" मिस्त्री खुर्चीतून म्हणाले. "बोट घाला मागे. बोटाला कळतं सगळं."

"तुमच्या बोटाला कळतं बाबा, माझ्या नाही," गाडीखालून उत्तर आलं.

ही नम्रता मिस्त्रींना सगळ्यात असह्य होई. माणसाने चुकावं आणि वर तोंड करून भांडावं, म्हणजे त्याला दोन शब्द सुनावता तरी येतात. हा चुकत होता, पण भांडत नव्हता. टायरॉडचा, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याचा, सांधा ठोकून काढायला मिस्त्रींना दोन घाव लागले असते, दातवाल्याला अख्खी संध्याकाळ लागली. जुना दांडा काढताना त्याने सांध्याचे किती फेरे फिरले ते मोजून कागदावर लिहिलं. कागदाची त्याच्याकडे यादीच होती, सदतीस ओळींची, आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करायला चौकोन. बायकोने विचारलं, कुठवर आलंय हो काम, तर मिस्त्री म्हणत, "मला काय विचारतेस? त्यांना विचार. यादी त्यांच्याकडे आहे." मुलीने विचारलं तरी हेच. आठवडाभर घरात हा विनोद चालला आणि प्रत्येक वेळी बायको पदर तोंडाला लावून हसली.

नवे दांडे मनगटाएवढे जाड होते, जुन्याच्या दुप्पट. स्टीअरिंगला बसणारे झटके खाऊन टाकणारा एक डॅम्परही आडवा बसला. माल चांगला होता, हे मिस्त्रींना कबूल करावंच लागलं. अर्थात मनात. पण सांध्यांचे नट बघून त्यांना हसू आवरेना. नटाच्या आत प्लास्टिकची कडी होती. ती आट्यांना घट्ट धरते आणि नट आपोआप सुटत नाही, असं दातवाल्याने समजावून सांगितलं, जणू काही मिस्त्रींनी नट म्हणून कधी पाहिलाच नव्हता.

"एकदा काढला की हा परत लावायचा नाही. म्हणून चार जास्तीचे आणलेत," तो म्हणाला.

"म्हणजे उष्टा चालत नाही," मिस्त्री म्हणाले. "माझी मुलगी प्लास्टिकच्या भरवशावर डोंगर चढणार तर."

मिस्त्रींच्या गॅरेजची याबाबतीत एक पद्धत होती. चाकाशी किंवा स्टीअरिंगशी संबंध असलेला नट असला की त्यावर दुसरा नट, दोन्ही आवळायचे, आणि आवळून झाले की दोघांवरून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ मोडलेली दिसली की समजायचं, नट फिरलाय. अडतीस वर्षांत एकही रेघ मोडली नाही. ट्रकवाले गाडीखाली वाकून पिवळी रेघ बघत आणि पुढे काही न विचारता चावी फिरवत.

शनिवारी दुपारी काम संपलं. दातवाला दवाखान्यात गेला, मुलगी औषधं आणायला गेली, आणि मिस्त्री गोधडी घालून जीपखाली शिरले. हे त्यांचं परीक्षण. आठवडाभर ते याच दुपारची वाट बघत होते. त्यांनी एकेक सांधा हलवून पाहिला. एकेका नटावर बोट फिरवलं. स्टीअरिंगचा बॉक्स गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारी पट्टी ओढून पाहिली. चूक सापडेना. डॅम्पर कुठे घासत नव्हता, दोन्ही बाजूंचे आटे सारखे आत गेले होते, ग्रीस हवं तिथे आणि हवं तेवढंच होतं. एवढं स्वच्छ काम मिस्त्रींच्या हाताखालच्या कारागिरांनीही क्वचितच केलं असेल, आणि हे मनात येताच त्यांना दातवाल्याचा जास्तच राग आला.

काहीच न काढता 'हो' म्हणायचं, म्हणजे मग मिस्त्री हवेत कशाला? 'हो' काय, दारातला पोस्टमनही म्हणेल.

ते बाहेर आले, खोलीत गेले, लोखंडी पेटी उघडली. तळाशी पत्र्याच्या डब्यात जुन्या गाड्यांचे जाडजूड नट होते, गॅरेज बंद करताना एक भंगारात जाऊ दिला नव्हता. मापाचे दोन निवडले. पुन्हा गाडीखाली शिरून डाव्या चाकाच्या सांध्याचा प्लास्टिकवाला नट काढला आणि आपला लावायला घेतला. नट सहज चढला. चढताना थोडा डगमगला. मिस्त्रींना ती डगमग बोटात जाणवली, अगदी स्पष्ट जाणवली. पण हल्ली त्यांच्या बोटांत चमचाही डगमगे, दाढीचा ब्रशही डगमगे. हात मेला, असं म्हणून त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि नट आवळला. त्यावर दुसरा. मग रंगाच्या डबीत काडी बुडवून रेघ ओढली. रेघ जरा वाकडी आली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळ्यांना पुरेसं ताटकळत ठेवलं, पाणी प्यायलं, आणि म्हणाले, "चालेल. एके ठिकाणी मी जरा हात फिरवलाय. पण चालेल."

"म्हणजे हो?" मुलीने विचारलं.

"हो."

"उद्या बसू ना मग मी?"

"बस बिनधास्त."

दातवाला उठून त्यांच्या पायाच पडेल की काय असं क्षणभर वाटलं. तो फक्त "थँक्यू, बाबा" म्हणाला आणि डोळे पुसल्यासारखे करून भात वाढून घेतला. पुरुषासारखा पुरुष आणि डोळे पुसतो, मिस्त्रींना वाटलं. पण त्या दिवशी त्यांना झोप गाढ लागली.

रविवारी उजाडता उजाडता जीप शेडबाहेर उभी होती. मागे खोकी भरलेली, मुलगी पायात बूट घालत पायरीवर बसलेली, बायको दारात. आणि दातवाला हातमोजे घालून परत गाडीखाली.

"आता काय राहिलं?" मिस्त्री म्हणाले.

"शेवटची ओळ आहे यादीतली. निघण्याआधी सगळे नट पुन्हा एकदा."

त्याच्याकडे आकडे लावलेला एक लांब पाना होता. ठरवलेला जोर पडला की तो कट् करून वाजे. उजव्या बाजूचे नट झाले, कट्, कट्. "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," मिस्त्री बायकोला म्हणाले. मधले झाले. मग दातवाला डाव्या चाकाकडे सरकला. पाना लागल्याचा आवाज आला. कट् आलं नाही. मग काहीतरी करकरलं, आणि मग काहीच आवाज नाही.

बऱ्याच वेळाने दातवाला बाहेर आला. मूठ मिटलेली होती. ती त्याने फक्त मिस्त्रींसमोर, मुलीकडे पाठ करून उघडली. तळहातावर दोन नट होते आणि एका नटातून आट्यांचा सगळा चुरा मोकळा झाला होता. मिस्त्रींना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नट इंचाच्या मापाचा, सांधा मिलिमीटरचा. दोन्ही इतके जवळचे की एकमेकांत फिरतात, पण धरत नाहीत. पहिल्या मोठ्या दगडाला चाकाचा सांधा सुटला असता. कालची डगमग हाताची नव्हती.

"काय झालं?" पायरीवरून मुलीने विचारलं.

दातवाल्याने मूठ मिटली. "काही नाही गं. माझा एक नट चुकीचा बसला होता. बदलतो, अर्धा तास लागेल."

"पण काल बाबांनी बघितलं ना सगळं?"

"तो वरून दिसण्यासारखा नव्हता."

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. याला खोटंसुद्धा धड बोलता येत नव्हतं. हातमोज्याच्या बोटांना पिवळा रंग लागला होता आणि तो दडवायचीही त्याला अक्कल नव्हती. गप्प राहिलं की झालं होतं. मुलीला कधी कळलं नसतं, 'हो' जिथल्या तिथे राहिलं असतं आणि दातवाल्याने जन्मभर ब्र काढला नसता. तेच नको होतं. अडतीस वर्षं ज्यांच्या रेघेवर ट्रकवाले चावी फिरवत, त्यांनी आता दातांच्या डॉक्टरच्या दयेवर राहणारा मिस्त्री म्हणून जगायचं. आणि दरीच्या बाजूच्या सीटवर मुलगी बसायची होती.

"नट माझा आहे," ते म्हणाले.

त्यांनी दातवाल्याच्या मिटलेल्या मुठीकडे बोट केलं.

"त्यांनी बरोबर बसवला होता. मी काल काढला आणि माझा लावला. हातात डगमगत होता, मला कळलंही होतं. मला वाटलं, माझा हात आहे."

मुलगी बूट हातात धरून तशीच बसली. बायकोने तोंडाला पदर लावला, पण हसायला नव्हे. दातवाला काहीतरी बोलणार होता; मिस्त्रींनी हात वर केला, तोच हात, आणि तो सगळ्यांसमोर थरथरू दिला.

"बोलू नका आता, जावईबापू. तुमचा तो प्लास्टिकवाला आणा. जास्तीचे आणलेत ना चार."

दातवाल्याने जास्तीचा नट लावला. आधी त्याने सांध्याचे आटे आरशात नीट बघितले, मग ब्रशने साफ केले, मग नट हाताने चढवला, मग पाना. मिस्त्री खुर्ची न घेता उभ्यानेच ऐकत होते. कट् वाजलं. यादीवर खूण झाली.

मुलगी उठली आणि जीपच्या दाराशी आली. लहानपणापासूनची सवय, पाय वर टाकण्याआधी तिने वळून पाहिलं.

"बाबा, बसू?"

"मला काय विचारतेस?" मिस्त्री म्हणाले. "त्यांना विचार."

आठवडाभर हेच वाक्य होतं. या वेळी कुणी हसलं नाही. मुलीने खरंच दातवाल्याकडे वळून त्याला विचारलं.