लीलाबाईंनी पाहिलेला चेहरा

हनुवटीवरची खळी गडद करून विशाखाने कागद लीलाबाईंकडे वळवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"व्हय. ह्योच."

चितेगावजवळ पैठण रस्त्यावर एका गाडीने त्यांच्या नवऱ्याला, पुंडलिकला उडवलं होतं. गाडीवाला उतरला, रस्त्यात पडलेल्या माणसाकडे वाकून बघितलं आणि निघून गेला. लीलाबाई हातभर अंतरावर होत्या. पुंडलिक वाचला नाही.

विशाखा शाळेत चित्रकला शिकवायची. पोलिसांनी बोलावलं की अशी चित्रं काढून द्यायची. ठाण्यातल्या साहेबांनी कागद स्कॅनरवर ठेवला. कॉम्प्युटरने जुळता चेहरा म्हणून बिडकीनचा अतुल काढून दिला. मागे कुठल्याशा मोर्चात पकडला गेल्यामुळे त्याचा फोटो ठाण्याकडे होता.

"ह्यो नाय," लीलाबाई म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही घाबरलेल्या होतात. कॉम्प्युटर घाबरत नाही."

"त्याच्याकडे जे फोटो आहेत, त्यातलाच तो दाखवणार," विशाखा म्हणाली. "ज्याला कधी पकडलंच नाही, तो त्यात सापडेल कसा?"

चहा घेऊन आलेले हवालदार सुदर्शन चित्रापाशी थबकले.

"हे तर आपले इंद्रजीतभैया..." आणि त्यांनी जीभ चावली.

"काय म्हणालात?"

"काही नाही साहेब. भास झाला."

साहेबांनी चित्र विशाखापुढे सरकवलं. "मॅडम, भुवया जरा जाड करा. नाक थोडं बसकं. म्हणजे अतुलशी जुळेल."

विशाखाने पेन्सिल खाली ठेवली.

"चेहरा यांनी पाहिलाय. तुम्ही नाही, मी नाही, त्या कॉम्प्युटरनंही नाही. एका निरपराध पोराला अडकवायला मी रबर फिरवू?"

"मग आम्ही दुसरं कुणी बघू."

पेन्सिली गोळा करून, लीलाबाईंचा हात धरून ती बाहेर पडली. फाटकापाशी सुदर्शन मागून आले. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, मावशींना उस्मानपुऱ्याच्या चौकातून न्या. तिथं रिक्षा मिळंल."

रिक्षा तर फाटकासमोरच उभ्या होत्या.

चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. कडेला कार्यकर्त्यांचे बारके फोटो आणि मधोमध हात जोडून हसणारे युवा नेते इंद्रजीतभैया, दुमजली उंचीचे. लीलाबाई जागीच थांबल्या. पदर तोंडाशी गेला, पण त्या रडल्या नाहीत.

"साऱ्या शहराला दिसतो ह्यो," त्या म्हणाल्या. "त्यांच्या मशीनलाच नाय दिसला व्हय?"

विशाखाने रिक्षाला हात केला, तोवर लीलाबाई वळून ठाण्याच्या रस्त्याला लागल्याही होत्या.