जिजाच्या पेटीतला बर्फ

मी एक जुनी, निळी, मासळीची पेटी आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मित्रांनो, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. वास माझ्या अंगात मुरलाय आणि मला त्याची लाज नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला विचारू नका. प्लास्टिकच्या दोन भिंती आणि मधे फोमचा जाड थर, एवढीच माझी ओळख. पण अर्नाळ्याच्या जिजाने मला घरी आणलं, तेव्हापासूनचं सगळं आठवतं. सकाळी माझ्यात भरलेला बर्फ दिवेलागणीपर्यंत टिकायचा. शेजारणींच्या थर्माकोलच्या खोक्यांत दुपारीच पाणी व्हायचं. मी बघायचे आणि गप्प बसायचे. गप्प बसण्यातही तोरा असतो.

मासळी संपली की जिजा मला धुऊन वाळत ठेवायची आणि तिची पिंकी माझ्यात येऊन बसायची. माझी होडी करायची. तोंडाने इंजिनाची फटफट, आणि गुडघे माझ्या भिंतीवर आपटायचे, टक टक. लहान होती तेव्हा माझ्यात आडवी होऊन झोपायची. चौदा वर्षांची झाली तरी पाय पोटाशी घेऊन बसायची. म्हणजे पिंकी माझ्यात मावत होती. हे लक्षात ठेवा. मला तर ते विसरताच येत नाही.

पिंकी धावायची. रोज पहाटे, ओल्या वाळूवर, गार वाऱ्यात. शाळेच्या क्रीडादिनाची मोठी शर्यत सकाळी आठला ठरली होती. पाहुण्यांचं सरबत गार राहावं म्हणून शाळेने मला मागून नेलं. बर्फ जिजाने स्वतः भरला. मिरवायची हौस तिलाही होती आणि मलाही.

पण पाहुणे काही येईनात. आठाचे दहा झाले, दहाचे बारा. पोरं मैदानात उभी ती उभीच. मग एकदाची गाडी आली, हार झाले, भाषण झालं, आणि मार्चच्या उन्हात एक वाजता शर्यत सुटली.

शेवटच्या फेरीत पिंकीचे पाय वेडेवाकडे पडू लागले. ती पडली. उठली आणि उलट्या दिशेने धावली. पुन्हा पडली, ती माझ्यापासून दहा पावलांवर. अंग तव्यासारखं. जिजाने तिचं डोकं मांडीवर घेतलं, तर पोर म्हणते, "आये, माजी होडी कुठं हाय?"

कुणी कांदा हुंगवला, कुणी पदराने वारा घातला. एक जण म्हणाला, "बर्फाचं पाणी नका लावू, धक्का बसेल." जिजा ओरडली, "गप बसा सगळी! रिक्षा आना!"

रिक्षा आली. पुढे रस्त्यात गाड्या अडकलेल्या. इथे माझ्या पोटात बर्फ, बर्फावर सरबताच्या बाटल्या, आणि तिथे पिंकी रिक्षात तापत राहिली. ती परत आली नाही.

संध्याकाळी मला घरी आणून ठेवलं, तेव्हा बर्फ अजून शिल्लक होता. ज्याचा मला एवढा तोरा, तेच मला खायला उठलं.

जिजाने माझ्यात पुन्हा मासळी घातली नाही. मला मागच्या माडाखाली ढकललं. कोंबड्या माझ्यात अंडी घालून गेल्या, झाकणाला चीर पडली. पण दुपारचा एक वाजला की माझ्यात कुणीतरी येऊन बसायचं. रिकामी असून मी जड व्हायचे. आतून आवाज यायचा, टक टक. भांडी घासणारी जिजा हात थांबवून माझ्याकडे बघायची. तिलाही ऐकू येत होतं. नाहीतर रोज त्याच वेळी ती भांडी घेऊन मागे कशाला आली असती?

दोन पावसाळे गेले. एक दिवस शाळेतले खेळाचे मेलरॉय सर दारात आले. त्या दिवशी शर्यतीची शिट्टी त्यांनीच वाजवली होती.

"मावशी, पेटी पाहिजे होती."

"का? कोनाचं सरबत गार करायचंय?"

सरांनी मान खाली घातली. "मी शिकून आलोय, मावशी. धावता धावता पोर तापून बरळायला लागलं, की त्याला तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवायचं. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. तेव्हा मला माहीत नव्हतं."

जिजाने मागच्या माडाखाली माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे विलाज माज्या पायाशी होता."

"हो, मावशी."

सर खोटं बोलले असते, तर तिने त्यांना अंगणातून हाकललं असतं. "पेटी एकटी नाय यायची," ती म्हणाली. "मी पन येनार."

त्या वर्षी शर्यती सकाळी सातला सुटल्या, पाहुण्यांची वाट न बघता. त्याआधी पंधरा दिवस सरांनी पोरांना रोज थोडं थोडं वाढवत उन्हाची सवय लावली होती. माझ्यात फक्त पाणी आणि बर्फ. एका शहाण्याने पाहुण्यांच्या बाटल्या आणून माझ्यात बुडवल्या. जिजाने एकेक काढून त्याच्या कुशीत कोंबली. "पावन्याला कोमट पाज. मरत नाय तो."

चाकांच्या खुर्चीच्या शर्यतीत वटार गावची शॅनन होती. अपघातात तिचा कणा दुखावलेला. छातीखाली तिला घाम येत नाही, त्यामुळे अंगातली आग अंगातच राहते. सर तिच्यावर पाणी फवारत होते. तरी ऊन चढल्यावर तिने दुसऱ्या शर्यतीचा हट्ट धरला, आणि सर नमले. शर्यत संपता संपता तिची मान कलली. भलतंच बरळू लागली.

सरांनी तिला खांद्याखाली धरलं, जिजाने पायांशी. बसवली माझ्यात. सर पाणी ढवळत घड्याळ बघू लागले. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली, आणि मागोमाग शॅननची आई रोझमेरी धावत आली.

"काढा तिला! गाडी आलीय ना! माशांच्या पेटीत मारताय काय माझ्या पोरीला?"

लोकही ओरडू लागले. सरांचा हात थांबला. जिजाचा थांबला नाही. कोपरापर्यंत हात बर्फात, आणि शॅननची हनुवटी तिने पाण्यावर धरलेली.

"बाय," ती म्हणाली, "मी पन असंच बोलले होते. रिक्षा आना म्हटलं. माजी पोर वाटेत गेली."

रोझमेरीने मातीत गुडघे टेकले. मग तीही पाणी ढवळू लागली.

तेरा मिनिटं झाली. शॅननने डोळे नीट उघडले आणि नाक मुरडलं. "ममा, काय घाण वास येतोय!"

जिजा हसली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. शॅननला मग गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी ती घरी आली.

आता एक सांगते, पटलं तर पाहा. शॅननचे पाय हलत नाहीत. पण त्या तेरा मिनिटांत माझ्या भिंतीवर आतून गुडघे आपटत होते, टक टक. जिजाने ऐकलं. या वेळी तिने मान वर केली नाही. फक्त ओठांतल्या ओठांत म्हणाली, "बस गं बाय. दोगी बसा."

मित्रांनो, मला चांगल्या जागी ठेवा असं मी सांगणार नाही. माडाखाली मला बरं वाटतं. मात्र मैदानावर खेळायला जाल, तेव्हा शिट्टी वाजायच्या आधी मोठ्यांना विचारा, की गार पाणी कुठे आहे आणि कुणासाठी ठेवलंय. उत्तर 'पाहुण्यांसाठी' असं आलं, तर शर्यतीला उभं राहू नका.